खुनाची तालीम
(स्मृतिव्याख्यानमालेत गार्डन रीच, कोलकाता इथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



स्मृतिव्याख्यानाला खुनाचा विषय घेऊ का, असं मी विचारलं तेव्हा फोनवर पलीकडे जरा शांतता झाली. मग संयोजक म्हणाले, "घ्या की. फक्त घरची मंडळी पहिल्या रांगेत असतील, तेवढं सांभाळून." घरच्या मंडळींनी काळजी करू नये. ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते ते दादा दिवसभर रेल्वेच्या हिशेब खात्यात असत आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमीत. माझ्या विषयाला नेमक्या ह्याच दोन गोष्टी लागतात, हिशेब आणि तालीम. पिस्तूल, विष वगैरे सामान नंतर जमवता येतं.

आज मला बोलायचंय ते बिघडलेल्या कुटुंबातल्या गुन्ह्याबद्दल आणि तो पाहताना आपल्याला जे हसू फुटतं त्याबद्दल. मराठीतला ह्याचा ताजा नमुना म्हणजे परेश मोकाशींचा 'वाळवी'. 13 जानेवारी 2023 ला प्रदर्शित झाला. पटकथा मधुगंधा कुलकर्णी आणि मोकाशी ह्यांची. 2022 सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. आपल्याकडे बक्षीस मिळालेला मराठी चित्रपट म्हटला की डोळ्यांपुढे माळरान, करपलेलं पीक आणि शाळेत न जाणारं पोर येतं. इथे आहे शहरातलं सुशिक्षित जोडपं, एक दंतवैद्य बाई, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक प्रेत.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. अनिकेत आणि अवनी हे नवरा-बायको दोघांनी मिळून जीव द्यायचं ठरवतात. तिचं मन खचलेलं आहे, आणि नवरा तिला म्हणतो, मीही तुझ्याबरोबर येतो. ह्यापरतं प्रेम ते कोणतं! प्रत्यक्षात अनिकेतचं दंतवैद्य देविकाशी जुळलंय आणि दोघांचा बेत असा की बायकोनं खरंखुरं मरायचं आणि नवऱ्यानं मरायचं फक्त नाटक करायचं. नाटक म्हटलं की तालीम आली. मग कोणी कुठे उभं राहायचं, काय बोलायचं, कशाला किती वेळ लागतो, ह्याची काटेकोर आखणी सुरू होते. ऐन दिवशी बेत फिसकटतो. पुढचं सांगत नाही. रहस्यपटाचा शेवट सांगणाऱ्या माणसाला कोणत्या कलमाखाली आत घालावं ह्याचा विचार व्हायला हवा.

मला ह्या सगळ्यात रस आहे तो तालमीत. मोकाशी मुळात रंगभूमीवरचे. हिटलर कोकणातल्या खेड्यात येऊन पडतो, असा तद्दन वेडाचार त्यांनी 'मुक्काम पोस्ट बोंबीलवाडी'त रंगवला. गावच्या नाटकमंडळींची धांदल, चुकलेल्या एन्ट्र्या, आयत्या वेळी न सापडणारं सामान हा त्यांचा हातखंडा. 'वाळवी'त त्यांनी तीच धांदल उचलून खुनाच्या बेतावर ठेवली. गुन्हेगार इथे दुष्टपणानं भीतिदायक वाटत नाहीत. ते हौशी आहेत, आणि हौशी नटाप्रमाणे त्यांचा सगळा जीव पाठांतरात अडकलाय. समोरचा वेगळं वाक्य बोलला की यांची दातखीळ बसते. आपण हसतो ते तिथे. आणि हसता हसता लक्षात येतं की ह्या माणसाचं पाठांतर पक्कं व्हावं अशी आपलीच मनातून इच्छा होती. म्हणजे एका बाईच्या खुनात आपण विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग करत होतो.

आता पात्रयोजनेकडे बघा. नवरा स्वप्नील जोशी. रामानंद सागरांच्या मालिकेतला कृष्ण, मग 'मुंबई-पुणे-मुंबई'तला लाडका प्रियकर. मानसोपचारतज्ज्ञ सुबोध भावे, ज्यांनी बालगंधर्वही केले आणि टिळकही. आणि जिच्या जिवावर सगळे उठलेत ती बायको कोण? अनिता दाते. इथे नागपूरची मंडळी बरीच दिसतात, त्यांना सांगायला नको. 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका 2016 च्या ऑगस्टपासून 2021 च्या मार्चपर्यंत घराघरांत चालली, आणि तिच्यातली नागपूरची राधिका म्हणजे अनिता दाते. नवरा गुरुनाथ, त्याची शनाया, आणि वऱ्हाडी बोलणारी, पापड-मसाल्यांतून धंदा उभा करणारी राधिका. साडेचार वर्षं महाराष्ट्रानं ह्या बाईची फसवणूक जेवताना पाहिली. भाजी वाढता वाढता शनायाला शिव्या घातल्या आणि गुरुनाथ पुन्हा घरी आला की "येऊ दे बिचारा" म्हटलं.

मालिका संपून दोन वर्षं व्हायच्या आत तीच बाई पुन्हा बायको होऊन समोर येते, तिच्या नवऱ्याचं पुन्हा बाहेर आहे, आणि ह्या खेपेला तो तिला सोडून जात नाही, मारायला निघतो. हा योगायोग निर्मात्यांनी किती जाणून साधला मला ठाऊक नाही, पण परिणाम जबर आहे. मालिकेचा कुटुंबधर्म असा की काहीही होवो, घर टिकलं पाहिजे. दुधात काहीतरी मिसळलं जातं, जिन्यावर तेल सांडलं जातं, सांडणारी सून किंवा जाऊ पुढच्या आठवड्यात त्याच डायनिंग टेबलावर पुरणपोळी वाढते. गुन्हे मालिकांतही मुबलक असतात, फक्त त्यांची फिर्याद होत नाही. 'वाळवी'नं एवढंच केलं की मालिकेतल्या गुन्ह्याला शिक्षेच्या शक्यतेपर्यंत नेलं. माझं आजचं म्हणणं असलंच तर ते हे: मराठी घरात गुन्हा बाहेरून येत नाही, घर चालवण्याच्या आपल्या रोजच्या कौशल्यांवरच तो चालतो. आखणी, काटकसर, शेजाऱ्यांना पत्ता लागू न देणं, पाहुण्यांसमोर चेहरा सरळ ठेवणं. ह्या गुणांवर संसार होतो आणि ह्याच गुणांवर खूनही पचतो. काळी विनोदिका हे दाखवते म्हणून ती आपल्याला सोसत नाही आणि सोडवतही नाही.

दोघांनी मिळून मरायचं, ही कल्पना मराठी रंगभूमीला नवी नाही. जयवंत दळवींचं 'संध्याछाया' आठवा. नाना आणि नानी, एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात, घरात दोघंच. शेवटी दोघं झोपेच्या गोळ्यांकडे वळतात. सत्तरीच्या दशकात विजया मेहतांनी ते बसवलं तेव्हा प्रेक्षागृहात रुमाल निघत. त्या वेळी कोणालाही असं वाटलं नाही की ह्यातला एक जण गोळ्या घेतल्याचं नाटक करतोय. 'वाळवी'च्या प्रेक्षकाला पहिल्या काही मिनिटांतच वाटतं. पन्नास वर्षांत मराठी नवरा-बायकोंमधला विश्वास एवढा आटला असं मी म्हणणार नाही. विश्वास तेव्हाही जेमतेमच होता. तेव्हा नाटककाराला प्रेक्षकाच्या डोळ्यांतलं पाणी हवं होतं, आता पटकथाकाराला त्याचा संशय हवाय. जाता जाता, कायद्याच्या दृष्टीनं अशा जोड-आत्महत्येतून जो मागे उरतो तो बिचारा ठरत नाही. जोडीदाराला त्यानं प्रवृत्त केलं असं दिसलं तर पूर्वी भारतीय दंड विधानाचं कलम 306 होतं, आता भारतीय न्याय संहितेचं 108 आहे.

पण घर म्हणजे गिधाडांचं घरटं असं थेट सांगणारा माणूस दळवींच्याही आधी येऊन गेला होता. विजय तेंडुलकरांचं 'गिधाडे' डॉ. श्रीराम लागूंनी 1970 मध्ये रंगमंचावर आणलं. पप्पांनी आपल्या सख्ख्या भावाला धंद्यातून देशोधडीला लावलं. आता रमाकांत आणि उमाकांत ही त्यांची मुलं पप्पांना लुबाडायला टपलीत, आणि बहीण माणिकही त्यात सामील. दारूच्या बैठकीत भांडण पेटतं, म्हाताऱ्याला मारहाण होते आणि रक्तबंबाळ बाप बँकेतल्या पैशाची कबुली देऊन बसतो. पुढे तेच भाऊ बहिणीच्या प्रियकराला लुटायचा बेत करतात, तो बेत बिनसल्यावर गर्भार बहिणीला लाथा घालतात.

हे ऐकून कोणी हसेल असं वाटत नाही. पण तेंडुलकरांचे संवाद वाचा. भाऊ एकमेकांशी बोलतात तेव्हा त्यांच्या बोलण्याला एक विचित्र लय आहे, चावटपणा आहे, दोघा टारगट पोरांची टाळ्या देण्याची सवय आहे. ती मुलं क्रूर असतानाच गमतीत आहेत. लोक खुर्चीत चुळबुळत, कारण हसू दाबावं लागत होतं.

आणि मग तो डाग. माणिकच्या साडीवरचा रक्ताचा डाग परिनिरीक्षण मंडळाला सोसेना. लागूंनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगून टाकलं की मंडळाच्या आज्ञेनुसार हा डाग निळा केला आहे, तो लाल समजावा. मराठी काळ्या विनोदातला सगळ्यात उत्तम प्रवेश मला विचाराल तर हा आहे, आणि तो एका सरकारी समितीनं लिहिला. जे आहे ते लाल आहे, पण सगळ्यांनी ते निळं म्हणायचं: मराठी घरात वाढलेल्या कोणालाही ह्याची वेगळी सूचना द्यावी लागत नाही.

तुमच्या ह्या शहरानं 'गिधाडे' लवकर ओळखलं. श्यामानंद जालान पेशानं वकील, आणि त्यांच्या 'पदातिक'नं हे नाटक हिंदीत केलं. शंभू मित्रांच्या 'बहुरूपी'नं तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' बंगालीत आणलं. कोलकात्याच्या रसिकांना मुंबईतल्या मध्यमवर्गाची घाण एवढी का रुचली, ह्याचं उत्तर उघड आहे. घाण ओळखीची होती.

इथे, गार्डन रीचमध्ये, घर आणि गुन्हा म्हटल्यावर एक नाव टाळून पुढे जाता येत नाही. अवधचे वाजिद अली शाह. 1856 च्या फेब्रुवारीत कंपनीनं त्यांचं राज्य खालसा केलं, ते कलकत्त्याला आले. मधली दोनेक वर्षं फोर्ट विल्यममधल्या कैदेत गेली आणि उरलेलं आयुष्य इथे मटियाबुर्जात. वर्षाला बारा लाखांचा तनखा, इमामबाडा, प्राणिसंग्रह, बेगमांचा मोठा परिवार आणि त्या परिवारातले अखंड तंटे. 21 सप्टेंबर 1887 ला ते वारले. त्याच 1887 साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. आपल्यापैकी कितीतरी घरांचं गार्डन रीचशी नातं जुळलं ते ह्या कंपनीमुळे आणि पुढे दक्षिण-पूर्व रेल्वेच्या मुख्यालयामुळे. 2003 पर्यंत नागपूर विभाग इथून चालत होता. इतवारीतल्या माणसाची बदली आणि बढती इथल्या फायलींत ठरे. नागपूरकरांना गार्डन रीच हे नाव दरारा वाटावा अशा सुरात उच्चारताना मी लहानपणी ऐकलंय. नबाबाचा पत्ता आम्हाला फार नंतर लागला.

सत्यजित राय ह्यांचा 'शतरंज के खिलाडी' (1977) ह्या नबाबाच्या पदच्युतीचा. तो रहस्यपट नाही, हे मान्य. पण घरातलं प्रहसन आणि बाहेरची चोरी एकाच वेळी कशी चालवायची, ह्याचा तो वस्तुपाठ आहे. मीर आणि मिर्झा हे बुद्धिबळाच्या नादातले दोन मित्र. मीर रोशन अली अवेळी घरी येतात तर बायकोच्या खोलीत पलंगाखाली भाचा. भाचा म्हणतो, फौजेत भरती करायला माणसं मागे लागली होती म्हणून लपलो. मीरसाहेबांना पटतं! त्यांना पटण्याची घाई आहे, कारण पट मांडलेला आहे. मिर्झांच्या बायकोनं सोंगट्या लपवल्या तर हे दोघं टोमॅटो, लिंबू, मिरच्या मांडून खेळतात. एका ओळखीच्या वकिलाकडे बुद्धिबळाचा संच असतो म्हणून त्याच्या घरी जातात, वकील मरणपंथाला लागलेला, आणि ह्यांची नजर पटावर. घरची बायको हातची गेली, राज्य गेलं, दोघांना कशाचाच सुगावा नाही. शेवटी त्यांच्यात गोळी सुटते ती राज्यावरून नव्हे, डाव आणि बायको ह्यांवरून.

खरा दरोडा ह्या चित्रपटात कायदेशीर आहे. कंपनीचा रेसिडेंट औट्रम करारनामा घेऊन येतो आणि सही मागतो. डलहौसीनं सातारा, नागपूर, झाशी ही संस्थानं दत्तक नामंजूर करून घशात घातली होती. अवध हा शेवटचा घास. नागपूरकर भोसल्यांचं जवाहीर विक्रीला आलं ते ह्याच शहरात. सही मागून केलेली लूट. ह्या गोष्टीकडे मी परत येणार आहे.

कोलकात्यानं आपल्याला आणखी एक चित्रपट दिला, त्यात हसू जवळजवळ नाही, पण तो टाळला तर माझं म्हणणं लंगडं पडेल. मृणाल सेन ह्यांचा 'खारिज' (1982), दुसऱ्या वर्षी कानला ज्युरी पुरस्कार. मूळ कादंबरी रमापद चौधरींची, आणि रमापदबाबू खरगपूरचे, म्हणजे तुमच्याच रेल्वेच्या गावचे. थंडीच्या रात्री घरकाम करणारा पोरगा पालान स्वयंपाकघरात झोपतो. कोळशाची शेगडी, खिडकी नाही, दार बंद. सकाळी दार फोडावं लागतं. खून कोणी केला नाही. पण अंजन दत्त आणि ममता शंकर ह्यांनी केलेलं ते तरुण जोडपं त्या क्षणापासून खुन्यासारखं वागायला लागतं. पोलिसांना काय सांगायचं, शेजारी काय बोलतील, वकिलाला गाठायचं का, पोराचा बाप आला तर त्याला कुठे बसवायचं. पोराबद्दल हळहळही आहे, खोटी नाही, पण ती यादीत पाचवी-सहावी येते. 'वाळवी'तली आखणी आणि 'खारिज'मधली आखणी शेजारी ठेवा. एकीकडे गुन्ह्याच्या आधी तालीम, दुसरीकडे गुन्हा नसताना सारवासारव. माणसं सारखीच आहेत.

पुण्याकडे येतो. श्रीराम राघवनचा 'अंधाधुन' (ऑक्टोबर 2018) हिंदी, पण घडतो पुण्यात. आंधळेपणाचं सोंग घेतलेला पियानोवादक आकाश जुन्या जमान्यातल्या नटाच्या फ्लॅटवर त्याच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी वाजवायला येतो. दार बायको उघडते, म्हणजे तब्बू. आत नवऱ्याचं प्रेत पडलंय, बाथरूममध्ये प्रियकर आहे, आणि तो पोलीस इन्स्पेक्टर. आंधळ्याला काय दिसणार, म्हणून बाई त्याला बसवते. तो वाजवतो. त्याच्या डोळ्यांसमोर दोघं हातवाऱ्यांनी बोलत, जराही आवाज न करता, रक्त पुसतात, प्रेत सुटकेसमध्ये कोंबतात. बाई मधूनच नवऱ्याशी गप्पा मारल्याचा आव आणते. आकाशनं बोटं चुकवायची नाहीत, चेहऱ्यावर काही येऊ द्यायचं नाही.

हा प्रवेश मी वारंवार पाहिलाय आणि दर वेळी मला त्यात एकच गोष्ट अधिक ठळक दिसते: पुसापुशीतली सफाई. हे घर आवरणाऱ्या माणसांचे हात आहेत. कापड कुठे आहे, मोठी बॅग कुठे ठेवलीय, सगळं ठाऊक. आणि आपण सगळे आकाश आहोत, हे सांगायची गरज नसावी; दुसऱ्याच्या घरी गेल्यावर नवरा-बायकोंत नुकतंच काहीतरी होऊन गेलंय हे दिसत असतं आणि आपण चहाचं कौतुक करतो. शेजारच्या वृद्ध डिसा बाई मात्र कौतुकावर थांबत नाहीत, पोलिसांकडे बोलतात, आणि त्याची किंमत त्यांना इमारतीवरून खाली पडून द्यावी लागते. तो प्रसंग पडद्यावर इतक्या चटकन उरकतो की प्रेक्षागृहात हसू येतं. मीही हसलो होतो.

अशा चित्रपटांत खुनी नवरा किंवा बायको नकळत ज्याच्याशी झुंजत असते तो एक निकाल आहे, आणि तोही पुण्यातल्याच खटल्यातला. 1982 मध्ये पुण्यात एका नवविवाहितेचा विषानं मृत्यू झाला. खालच्या कोर्टात शिक्षा, पण 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवऱ्याला सोडलं आणि परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रं घालून दिली. न्यायालयानंच त्यांना पंचशील म्हटलं. सार असं, की पुराव्याची साखळी इतकी सलग हवी की आरोपी निर्दोष असण्याला वाजवी जागाच उरू नये. आजही देशभरच्या कोर्टांत ह्या निकालाचा हवाला दिला जातो. स्त्री संघटना त्या काळी खवळल्या होत्या, आणि त्यांच्या बाजूनं बोलायला पुष्कळ आहे: बंद दाराआड साक्षीदार कुठून आणायचा? पण पटकथाकाराला ह्या पंचशिलात सोन्याची खाण सापडते. साखळीतली एकच कडी विस्कटायची. अनिकेत-देविकेची सगळी तालीम म्हणजे ती कडी आधीच घासून ठेवण्याची खटपट, आणि काळ्या विनोदाचा कायदा असा की दुसरीच कुठलीतरी कडी, जिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं, ती गळ्यात पडते.

हसण्याला हद्द आहे का, असा प्रश्न कोणीतरी विचारेलच, म्हणून आधीच सांगतो. आहे. कोल्हापूरचं गावित प्रकरण घ्या. अंजनाबाई आणि तिच्या दोन मुली, रेणुका आणि सीमा. नव्वदीच्या दशकात मुलं पळवून त्यांना चोऱ्यांसाठी वापरायचं आणि मग मारायचं. 1996 मध्ये पकडल्या गेल्या, रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला, आई तुरुंगातच वारली, आणि मुलींची फाशी 2022 च्या जानेवारीत उच्च न्यायालयानं जन्मठेपेत बदलली, कारण दयेच्या अर्जावर निर्णय द्यायला सरकारनं अक्षम्य उशीर केला होता. आई, मुली, जावई, घराचं मासिक गणित, सगळं आहे. ह्यावर 'पोशम पा' नावाचा चित्रपट 2019 मध्ये आला आणि तो केला तुमच्या सुमन मुखोपाध्याय ह्यांनी. त्यांनी विनोदाला हात लावला नाही, हे त्यांचं शहाणपण. मेलेलं मूल असेल तिथे विनोद थांबतो. मानवत गावातल्या हत्याकांडावरही तेंडुलकरांनी लिहिलं, अमोल पालेकरांनी 'आक्रीत' केला, आशिष बेंडेंनी अलीकडे मालिका केली. त्यांपैकी कोणीही तिथे हशा शोधला नाही.

म्हणजे काळा विनोद कुठे उगवतो? जिथे गुन्हा करणारा माणूस आपल्या नजरेला माणसासारखा दिसतो आणि त्याला गुन्हा हा गुन्हा वाटतच नाही. तो त्याला व्यवहार वाटतो. आणि इथे मराठी चित्रपटाबद्दल माझी तक्रार आहे. 'गिधाडे'त घराच्या मुळाशी पैसा होता, भावाला फसवून मिळवलेला. 'वाळवी'पर्यंत येता येता तो मागे पडला आणि प्रेमप्रकरण पुढे आलं. बाहेरच्या बाईसाठी बायकोचा काटा काढणारे नवरे महाराष्ट्रात नाहीत असं कोण म्हणेल? पण मराठी घरात सर्वांत जास्त वेळा घडणारा गुन्हा तो नाही. तो आहे वाटणीचा.

1994 मध्ये महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, 2005 मध्ये केंद्रानं देशभर दिला, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंका मिटवली की हा हक्क जन्मानं आहे, वडील 2005 मध्ये हयात असोत वा नसोत. आणि नेमक्या ह्याच काळात दुय्यम निबंधकांच्या कचेऱ्यांत हक्कसोडपत्रांची रांग ओळखीची झाली. बाप वारला की भाऊ बहिणींना फोन करतो. आवाजात मध. "ताई, फक्त एक सही लागते गं." ताई नागपूरहून येते, तिच्या येण्याजाण्याचं तिकीट भाऊच काढतो. वहिनी तिच्या आवडीचं करते. बहिणीची साडीचोळी होते. कचेरीत एक क्लार्क वेबकॅमसमोर तिला बसवतो, अंगठा घेतो, विचारतो, "राजीखुशीनं देताय ना?" ती म्हणते, "हो." दोन साक्षीदार सह्या करतात, त्यांतला एक नात्यातलाच. चोरी नाही, जबरदस्ती नाही, मुद्रांकही किरकोळ. औट्रमला इतकं सुरळीत जमलं नव्हतं.

ह्या प्रसंगात सगळं आहे: तालीम आहे, कारण वहिनीनं आदल्या रात्री भावाला वाक्यं पढवलीत. हिशेब आहे, कारण साडीची किंमत गुंठ्याच्या भावाशी ताडून पाहिलीय. प्रेमही आहे, आणि हे ध्यानात घ्या, ते खोटं नाही. भावाला बहीण खरोखर आवडते. आणि धोका आहे, कारण दुसरी बहीण अमरावतीहून अजून पोचलेली नाही आणि ती वकिलाशी बोलून येतेय, हे भावाला माहीत नाही. लेखक मंडळींपैकी कोणी इथे असेल तर सांगतो, कल्पना फुकट घेऊन जा. खून करायची गरज भासलीच तर मध्यंतरानंतर करा. तोवर मला पडद्यावर एवढंच पाहायचंय, की सह्या झाल्यावर सगळी भावंडं कचेरीसमोरच्या रसवंतीत बसलीत आणि बिल कोणी द्यायचं ह्यावरून भाऊ-बहिणीत खरंखुरं, मनापासून भांडण जुंपलंय.

प्रश्न असतील तर विचारा. पहिल्या रांगेतल्यांनी आधी.